पत्र खोटं नाही, पण खोकलाही खोटा नाही

प्रश्न असा आला आहे: "मी अंगणवाडी सेविका आहे. आमचा पाडा एमआयडीसीच्या कुंपणाला लागून आहे. थंडीत रात्री बारानंतर उग्र वास येतो, डोळे चुरचुरतात, पोरं ढास लागून उठून बसतात. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे अर्ज केला. माणसं यंत्र लावून गेली आणि 'सर्व घटक विहित मर्यादेत' असं पत्र आलं. चार किलोमीटरवर साहेबलोकांची टाउनशिप आहे, तिथे कुणालाच काही होत नाही. आता गावातलेच लोक म्हणतात, पाड्यावरचे पैशासाठी नाटक करतात. आमचं चुकतंय कुठे?"

ताई, तुमचं काही चुकत नाहीये. आणि ऐकायला विचित्र वाटेल, पण ते पत्रही बहुतेक खोटं नसावं. सव्वीस वर्षं मी हवेचे नमुने घेतले. त्यातली बरीचशी वर्षं अशी पत्रं ज्या तक्त्यांवरून लिहितात ते तक्ते भरण्यात गेली, नंतरची वस्त्यांमध्ये बसून तेच तक्ते लोकांना उलगडून सांगण्यात. दोन्हीकडचं थोडंथोडं पाप-पुण्य माझ्या खाती आहे.

आधी एक गणित करू. सल्फर डायऑक्साइड या वायूला आपल्याकडे २००९ च्या मानकांत मर्यादा आहे ती चोवीस तासांच्या सरासरीची: हवेच्या एका घनमीटरमागे ८० मायक्रोग्रॅम. समजा तुमच्या पाड्यावर रात्री दोन तास हा आकडा ६०० होता आणि उरलेले बावीस तास २०. सगळी बेरीज करून चोवीसने भागा. उत्तर येतं ६८. म्हणजे मर्यादेत, पत्र खरं. त्या दोन तासांत दम्याच्या पोराची छाती भरून आली, तेही खरं. दमेकऱ्याला हा वायू लागला की काही मिनिटांत धाप लागते, तो चोवीस तास पुरे व्हायची वाट बघत नाही. म्हणून तर जागतिक आरोग्य संघटनेने या वायूला दहा मिनिटांचीही मर्यादा घातली आहे, ५०० मायक्रोग्रॅमची. आपल्या मानकांत त्याला दहा मिनिटांची नाही आणि तासाचीही नाही.

तरी हा वायू निदान यादीत आहे. राष्ट्रीय मानकांच्या यादीत एकूण बारा घटक आहेत, आणि तुमच्या नाकाला जे कळतं ते बहुतेक त्या बारांत नसतं. सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, यादीत नाही. गॅस सिलिंडर गळल्यासारखा वास म्हणजे मर्कॅप्टन, तोही नाही. थिनरसारखा वास असेल तर टोल्युइन, झायलीन वगैरे सॉल्व्हंट, तेही नाहीत. बेंझिन आहे, पण त्याची मर्यादा अख्ख्या वर्षाच्या सरासरीची आहे. तेव्हा 'सर्व घटक मर्यादेत' या वाक्यातल्या 'सर्व' या शब्दाचा अर्थ 'आम्ही जे मोजले ते सर्व' एवढाच घ्यायचा. कोणकोणते मोजले ते पत्रासोबतच्या तक्त्यात असतं. तक्ता मिळाला नसेल तर मागून घ्या.

आता यंत्र कुठे लावलं होतं ते आठवा. मला उत्तर साधारण ठाऊक आहे: ग्रामपंचायतीच्या गच्चीवर, नाहीतर शाळेच्या. नमुने घ्यायच्या यंत्राला चोवीस तास वीज लागते आणि रात्री राखण लागते. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला एका पाड्यावर आम्ही यंत्र घेऊन गेलो, तर तिथली लाइट संध्याकाळी जायची ती कधी येईल याचा भरवसा नव्हता. मग आम्ही यंत्र उचलून गावठाणात नेलं, वाऱ्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे वारा जिकडून येतो त्या बाजूला. तक्त्यावर गावाचं एकच नाव पडलं. पाडा त्यात धरलाच गेला, आकडा मात्र गावठाणाचा. त्यात कुणाची बदमाशी नव्हती. वीज जिथे खात्रीची तिथे यंत्र जातं, एवढाच हिशेब; पण अशाने सगळ्यात गरीब वस्तीची हवा कधी मोजलीच जात नाही. माझ्या हातून हे एकदा नाही, पुष्कळदा झालं आहे.

टाउनशिपचं आता बघा. लोकांना वाटतं धूर उंच धुराड्यातून निघतो, तेव्हा त्रास चिमणीचाच. बऱ्याचदा उलटं असतं. चिमणी उंच बांधतात ती धूर लांब जाऊन पातळ व्हावा म्हणून. शेजाऱ्याला छळतात त्या जमिनीलगतच्या गळत्या: टाकीच्या झाकणातून, पाइपच्या जोडातून, पंपाच्या सीलमधून, टँकर भरताना, सांडपाण्याच्या उघड्या हौदावरून. दिवसा ऊन तापलं की टाकीतली वाफ फुगून बाहेर पडते; टाकी भरायला घेतली की आत येणारा माल जुन्या वाफेला बाहेर ढकलतो. ही वाफ कुठल्याच धुराड्यात जात नाही, म्हणून धुराड्याला लावलेल्या मीटरलाही ती दिसत नाही.

त्यात थंडीच्या रात्री जमीन लवकर निवते. जमिनीलगतची हवा गार आणि जड होते, वर उबदार हवेचं झाकण बसतं, वारा पडतो. खाली जे सुटलं ते खालीच, आसपासच्या परिसरात, सकाळचं ऊन वर येईपर्यंत रेंगाळतं. म्हणून तुमचा त्रास रात्री बारानंतरचा आणि थंडीतला. चार किलोमीटरवर पोचेपर्यंत ते इतकं विरळ झालेलं असतं की टाउनशिपमधल्या माणसाला खरोखरच काही जाणवत नाही. तो खोटं बोलत नाही. त्यात त्याच्या बेडरूमला एसी आहे, खिडक्या बंद होतात. तुमच्याकडे पत्रा आणि भिंत यांच्यात हात जाईल एवढी फट. 'वास आला की दारं-खिडक्या लावून घ्या' हा सल्ला मीही एके काळी द्यायचो. मे महिन्यात पत्र्याखाली दार लावून झोपून बघितलं तेव्हापासून देत नाही.

माहुलची गोष्ट मी प्रत्येक बैठकीत सांगतो, कारण हे सगळं तिथे कोर्टाच्या कागदावर आलं आहे. मुंबईत चेंबूरच्या पुढे, खाडीकाठी, माहुल हे कोळ्यांचं जुनं गाव. शेजारी १९५४-५५ मध्ये दोन तेलशुद्धीकरण कारखाने आले. पुढे सरकारीकरण होऊन ते आजचे एचपीसीएल आणि बीपीसीएल झाले. मग खताचा कारखाना, औष्णिक वीज, रसायनं साठवायच्या टाक्यांची रांगच रांग. खाडीत चिंबोऱ्या, निवट्या, कालवं काढून पोट भरणाऱ्यांचं काय झालं असेल ते सांगायला नको. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना गुण दिले, तेव्हा ७० च्या वर गेलेल्या भागांना 'अतिगंभीर' म्हटलं आणि तिथल्या नव्या प्रकल्पांवर काही काळ बंदी आली. चेंबूरचे गुण ६९.१९. बंदी चुकली. आणि तो आकडासुद्धा अख्ख्या चेंबूरचा होता, माहुलचा नव्हे.

माहुल आणि आंबापाड्यातले रहिवासी टाक्यांतून सुटणाऱ्या वाफांविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात, म्हणजे पर्यावरणाचे दावे चालवणाऱ्या कोर्टात गेले. केईएम रुग्णालयाच्या पथकाने तिथे आरोग्य पाहणी केली. ६७.१ टक्के लोकांना महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा धाप लागत होती, ८६.६ टक्क्यांचे डोळे चुरचुरत होते, ८४.५ टक्के म्हणत होते की छाती कोंडल्यासारखी होते. डिसेंबर २०१५ मध्ये न्यायाधिकरणाने निकालात लिहिलं की इथल्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला जाणवण्याजोगा धोका आहे.

आता पुढचं ऐका. मुंबईला पाणी आणणाऱ्या तानसा जलवाहिनीच्या दोन्ही बाजूंना दहा मीटर जागा मोकळी करायचा हायकोर्टाचा आदेश होता. जलवाहिनीलगतच्या झोपड्या तोडल्या आणि २०१७ मध्ये हजारो कुटुंबांना घरं दिली ती कुठे? माहुलला. ७२ इमारती, १७,२०५ घरं, रस्त्यापलीकडे रिफायनरीचं कुंपण. न्यायाधिकरणाची शाई वाळून दोन वर्षंही झाली नव्हती. घाटकोपर-विद्याविहारकडे धुणीभांडी करणाऱ्या बायांची कामं अंतरामुळे गेली, पोरांच्या शाळा सुटल्या, आणि वर हा वास. ऑगस्ट २०१८ मध्ये शेजारच्या रिफायनरीत स्फोट होऊन चाळीसहून जास्त माणसं जखमी झाली. लोक विद्याविहारला रस्त्याकडेला महिनोन्‌महिने ठिय्या देऊन बसले. अखेर २०१९ मध्ये हायकोर्टाने सांगितलं की कुणालाही जबरदस्तीने माहुलला पाठवता येणार नाही, आणि दुसरं घर मिळेपर्यंत प्रत्येक कुटुंबाला महिन्याला १५,००० रुपये भाडं आणि ४५,००० रुपये अनामत द्यावी.

ऑगस्ट २०२० मध्ये हरित न्यायाधिकरणाने चार कंपन्यांवर मिळून २८६.२ कोटींची भरपाई बसवली. वाटणी बघण्यासारखी आहे. एचपीसीएल ७६.५ कोटी, बीपीसीएल ६७.५ कोटी, सी लॉर्ड कंटेनर्स २० लाख, आणि सगळ्यात मोठा आकडा, १४२ कोटी, एजिस लॉजिस्टिक्सवर. म्हणजे जी कंपनी काही बनवत नाही, फक्त माल साठवते आणि भरते-उतरवते, तिच्यावर. मघाशी टाक्यांचं एवढं लांबण लावलं ते यासाठी. ती रक्कम हवा सुधारण्याच्या योजनेसाठी होती, कुण्या कोळ्याच्या हातात देण्यासाठी नव्हे. दंडाची बातमी छापून आली की लोकांना वाटतं आपल्याला काही मिळणार. तसं नसतं, स्वतःची भरपाई वेगळी मागावी लागते.

माहुलमधली उरलेली रिकामी घरं महापालिकेने २०२५ मध्ये स्वतःच्याच खालच्या श्रेणीतल्या कर्मचाऱ्यांना १२ लाख ६० हजारांत विकायला काढली. मुंबईत एवढ्या पैशात घर! तरी अर्जाची मुदत वाढवत न्यावी लागली. त्या हवेची किंमत मुंबईकराला बरोबर कळते, त्याला तक्ता लागत नाही.

'ते लोक नंतर आले, वास माहीत असून आले' असा एक मुद्दा हमखास निघतो. माहुलचे कोळी कारखान्यांच्या आधीचे, आणि इमारतींतली माणसं शासनाने आणून ठेवलेली. मग नंतर कोण आलं? तुमच्या पाड्याबद्दलही हेच विचारतील. तुमच्याकडे जुन्या मतदार याद्या, शाळेचं जनरल रजिस्टर, घरपट्टीच्या पावत्या असतील, त्या आत्ताच काढून ठेवा. पाड्याची नोंद औद्योगिक वसाहतीच्या आधीची आहे हे कागदावर दिसलं की हा मुद्दा तिथेच संपतो.

कागदातही विषमता असते. शेतकऱ्याचं भात जळालं तर सातबारा असतो, पंचनामा होतो. खाडीचा सातबारा नसतो. कोकणात लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीखाली दाभोळ खाडीत भोई मंडळी वर्षानुवर्षं मेलेली मासळी दाखवत आली आहेत, पण काल जाळ्यात किती आलं असतं आणि आज किती कमी आलं हे कुठल्या उताऱ्यावर लिहिलेलं नसतं. तुमच्या पाड्यावर ओढ्यात मासे धरणारी, खेकडे विकणारी घरं असतील तर त्यांनी रोज किती किलो मिळालं आणि किती रुपयांना गेलं एवढं लिहून ठेवावं. तोच त्यांचा सातबारा.

तुम्ही काय करायचं ते सांगतो. पहिलं म्हणजे स्वस्तातलं हवामापक यंत्र विकत घेऊ नका. ती यंत्रं बहुतेक धुळीचे कण मोजतात, वायू नाही. पावसाळ्यात दमट हवेलाच धूळ समजतात. मोबाइलवरचा हवेचा आकडाही तुमच्या कामाचा नाही, तो बहुतेक लांबच्या केंद्राचा असतो.

वही घाला. एका वस्तीत बायका दुधाच्या हिशेबासोबत कालनिर्णयच्या चौकटीत 'वास' असं लिहायच्या, कुणी न सांगता. मी ती तीन महिन्यांची पानं शेजारी शेजारी लावली तर वास सगळा शनिवारी रात्री आणि रविवारी पहाटे. तपासणी कधी व्हायची? मंगळवारी नाहीतर बुधवारी, अकरा ते पाच. कॅलेंडर घेऊन आम्ही गेलो आणि शनिवारच्या रात्रीची तपासणी मागितली. पुढचं सांगायची गरज नाही.

तुमच्या वहीत तारीख आणि वेळ हवी, वास कशासारखा तेही. वारा कुठून होता तेही. अगरबत्ती लावून धूर कुठे जातो बघितलं की कळतं. कुणाला काय झालं, दवाखान्यात नेलं का, वाफ दिली का, एवढंच. भाषा साधी ठेवा. 'जीवघेणा विषारी वायू' असं लिहू नका, 'थिनरसारखा वास, रात्री १.१० ते २.४०, वारा कुंपणाकडून' असं लिहा. ज्या रात्री वास नव्हता ती रात्रही लिहा. रोजच वास असलेल्या वहीवर कुणी विश्वास ठेवत नाही. चार घरांनी चार वेगळ्या वह्या घालाव्यात. आणि त्यातलं एक घर नव्याने आलेल्या सुनेचं असेल तर उत्तम, कारण वर्षानुवर्षं राहणाऱ्याचं नाक मरतं. पाहुण्याला दारातच कळतं ते घरच्याला कळत नाही.

तुमच्या हातात तर आणखी मोठी गोष्ट आहे: अंगणवाडीची हजेरी आणि वजनाचं रजिस्टर. खोकल्यामुळे गैरहजर राहिलेली पोरं महिन्यावार काढा. आशाताईंकडून प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओपीडीतले पाड्यावरचे धापेचे रुग्ण किती ते विचारा. नावं नकोत, आकडे पुरेत. मग कारखान्यांपासून सात-आठ किलोमीटरवरच्या, वाऱ्याच्या वरच्या अंगाच्या, तुमच्याइतक्याच गरीब पाड्यावरच्या अंगणवाडीताईंकडून तेच आकडे घ्या. हे कराच. कंपनीचा तज्ज्ञ पहिला प्रश्न चुलीचा विचारतो: 'घरात लाकडाची चूल आहे, धूर त्याचाच.' त्यात तथ्यही असतं, चुलीचा धूर छाती खराब करतोच. पण त्या पाड्यावरही चुली आहेत ना? चूल दोन्हीकडे आणि धाप एकीकडे जास्त, हे दिसलं की तो प्रश्न गळतो.

मंडळाकडे पुन्हा अर्ज करताना 'तपासणी करावी' एवढं मोघम लिहू नका. कोणत्या वारी, किती वाजता, कुंपणाच्या कोणत्या बाजूला, आणि नुसता सल्फर डायऑक्साइड न मोजता बाष्पशील सेंद्रिय संयुगं, म्हणजे टोल्युइन-झायलीनसारख्या सॉल्व्हंटच्या वाफाही मोजाव्यात, असं लिहा. विजेची सोय कोणत्या घरातून करून देऊ तेही लिहा, म्हणजे यंत्र गावठाणात जायचं निमित्त उरत नाही. प्रत्येक कारखान्याचं संमतिपत्र, म्हणजे कारखाना चालवायची मंडळाची परवानगी, मंडळाच्या संकेतस्थळावर मिळतं, नाहीतर माहितीच्या अधिकारात तीस दिवसांत. त्यात किती माल बनवायचा, किती सांडपाणी सोडायचं, कोणतं इंधन जाळायचं हे आकड्यांत असतं. शिवाय दर वर्षी ३० सप्टेंबरपर्यंत कारखान्याने मंडळाला पर्यावरण विवरणपत्र, म्हणजे वर्षभरात प्रत्यक्षात काय वापरलं आणि काय सोडलं याचा हिशेब, द्यायचं असतं; दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले की कधीकधी फार मजा येते. जनसुनावणीची, म्हणजे प्रकल्पाच्या मंजुरीआधी लोकांचं म्हणणं ऐकायच्या सभेची, वाट मात्र बघू नका. पर्यावरण मंजुरीच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार मान्यताप्राप्त औद्योगिक वसाहतीत येणाऱ्या प्रकल्पांना ती माफ आहे. ज्यांच्या दारात कारखाना येतो त्यांनाच विचारायचं नाही, हा माझ्या मते त्या अधिसूचनेतला सगळ्यात वाईट भाग.

हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे. तिथे मुदत सांभाळावी लागते: वादाचं कारण प्रथम घडल्यापासून सहा महिने, आणि नुकसानभरपाई मागायची असेल तर पाच वर्षं. 'बघू, पुढच्या थंडीत' करत राहिलात तर सहा महिने कधीच उलटतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे वकील मोफत मिळू शकतो. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींना त्यासाठी उत्पन्नाची अट नसते.

राहिला गावातल्या टोमण्यांचा प्रश्न. ज्यांचा पोरगा कंत्राटावर आत कामाला आहे, ज्यांचा टँकर कंपनीत लागला आहे, ते तुमच्या बाजूने उभे राहणार नाहीत, आणि त्यांना गद्दार म्हणूनही काही साधत नाही. आत कंत्राटावर टाकी धुणारा पोरगा तुमच्यापेक्षा जास्त हुंगतो. त्याच्या आईला वही द्या. तिने तीन ओळी लिहिल्या तरी पुष्कळ.

कोजागरीपासून होळीपर्यंतचा काळ या कामाचा. चारही घरांनी आपापली वही महिनाअखेरीपर्यंत एकमेकींना दाखवू नये, नाहीतर वेळा नकळत जुळवल्या जातात आणि उलटतपासणीत तेच पहिलं विचारतात. महिना संपला की चारही वह्यांचे फोटो एकाच दिवशी काढून ठेवा.